सेकंडहँड सेट, कोरं आभाळ

वर्ध्याजवळच्या देवळीत आमच्या गच्चीवर एक लोखंडी पाइप उभा आहे. त्याच्या टोकापासून तांब्याच्या तारेचे दोन पाय तिरके खाली उतरतात. एक मागच्या कडुनिंबाला दोरीनं ताणून बांधलाय, दुसरा विहिरीजवळच्या खांबाला. पाय दहा-दहा मीटरचे. तार विहिरीच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्याकडून वजनावर घेतलेली. दोन्ही पाय जिथे जवळ येतात तिथून एक काळी केबल निघते, खिडकीतून आत येते आणि टेबलावरच्या एका पेटीत शिरते. पेटी माझ्यापेक्षा वयानं थोडीच लहान आहे. मी तिचा चौथा मालक.

एका सकाळी आठच्या सुमारास मी त्या पेटीचा मोठा गोल नॉब हळूहळू फिरवत होतो. खरखर, मग बारीक शीळ, पुन्हा खरखर. मग बदक बोलावं तसं काहीतरी. नॉब केसभर मागे घेतला आणि त्या बदकाचा एकदम माणूस झाला. तो हैदराबादहून बोलत होता. आपला सेट कोणता, अँटेना किती उंच, तिकडे पाऊस कसा, असं सगळं निवांत सांगत होता. देवळी आणि हैदराबाद जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, म्हणजे माझ्या टेबलापासून नाकासमोर दक्षिणेला साडेतीनशे किलोमीटर. मधे मोबाइलचा टॉवर नाही, इंटरनेट नाही, कुठली कंपनी नाही. तो आवाज आभाळात चढला, तिथून वळला आणि आमच्या कडुनिंबावर उतरला.

हौशी रेडिओ, ज्याला जगभर हॅम रेडिओ म्हणतात, तो पैसेवाल्यांचा छंद आहे असं बहुतेकांना वाटतं. दुकानातल्या नव्या सेटची किंमत ऐकली की वाटणारच. चांगल्या नव्या सेटच्या पैशात नवीकोरी मोटारसायकल दारात उभी राहते. पण या छंदातलं सगळ्यात मोठं यंत्र विकत घ्यावंच लागत नाही. ते डोक्यावर आहे, आणि ते देवळीला जेवढं मिळालंय तेवढंच मुंबईला आणि टोकियोला. विकत घ्यायची ती खालची पेटी. ती दुसऱ्याच्या घरून, तिसऱ्याच्या हातून आलेली असली तरी फार काही बिघडत नाही. का बिघडत नाही, याच्या मागचं शास्त्र मला अजूनही थक्क करतं.

जमिनीपासून साधारण साठ किलोमीटरच्या वर सूर्याचा प्रखर प्रकाश हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सोडवतो. हे आयनोस्फिअर. त्याचा सगळ्यात कामाचा थर अडीचशे-तीनशे किलोमीटरवर असतो, आणि सुमारे ७ मेगाहर्ट्झची लहर तिथे पोचली की ती वाकून पुन्हा जमिनीकडे येते. या लहरींची लांबी चाळीस मीटरच्या आसपास, म्हणून हॅम मंडळी या पट्ट्याला ‘चाळीस मीटर’ म्हणतात. आमची तार तिच्या निम्मी, वीस मीटर. वीणेची तार जशी तिच्या लांबीच्या सुराला झणकारते, तशी ही तार त्या लहरीला. दिवसा आयनोस्फिअरचा खालचा एक थर दुरून तिरप्या येणाऱ्या लहरी शोषून घेतो, त्यामुळे चारपाचशे किलोमीटरचं बोलणं चांगलं चालतं. सूर्य मावळला की तो खालचा थर विरतो आणि हीच तार परदेशातले आवाज ऐकू लागते. संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी हा बदल कानांनी ऐकता येतो. जवळचे आवाज मागे सरतात आणि त्यांच्या मागून अनोळखी भाषा पुढे येतात.

देवळीहून मुंबई हवाई रेषेनं सव्वासहाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. आभाळाला शिवून जायचं तर वाट साडेआठशेची होते. ती लहर सेकंदाच्या साडेतीनशेव्या भागात कापते. आणि पोचते तेव्हा तिच्यात उरतं तरी किती? हॅमच्या सेटवर एक मीटर असतो, त्यावर काटा ‘एस-नाइन’ला गेला की आवाज खणखणीत आला असं म्हणतात. एस-नाइन म्हणजे सेटच्या तोंडाशी पोचलेली ताकद: एका वॅटचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले पन्नास. त्यातून माणसाचा आवाज, त्याची सर्दी, त्याच्या मागे वाजलेली कुकरची शिट्टी, सगळं उभं राहतं.

मग एवढी नाजूक गोष्ट जुन्या सेटला कशी जमणार? जमते, कारण चाळीस मीटरवर ऐकण्याची मर्यादा सेट ठरवतच नाही. या पट्ट्यात आभाळाचा स्वतःचा गोंगाट असतो. पृथ्वीवर कुठे ना कुठे सतत विजा पडत असतात आणि त्यांची खरखर त्याच आयनोस्फिअरवरून उड्या मारत आपल्यापर्यंत येते. सेटच्या आतल्या पार्टांचा गोंगाट त्यापेक्षा कितीतरी कमी. म्हणून १९७५ चा धडका सेट आणि कालपरवाचा महागडा सेट शेजारी ठेवले, तर या पट्ट्यातला अगदी पुसट आवाज दोघांनाही सारखाच ऐकू येतो. नवा सेट गर्दीत एका आवाजाला दुसऱ्यापासून जास्त सफाईनं वेगळं काढतो, पडद्यावर अख्खा पट्टा दाखवतो, हे खरं. पण ऐकण्याच्या खोलीचे पैसे त्यात नाहीत.

उलट गावाकडे आपल्याजवळ एक गोष्ट फुकट आहे, जिच्यासाठी मुंबईतला हॅम झुरतो. ती म्हणजे शांतता. शहरात शेकडो एलईडी दिवे, चार्जर, लिफ्टच्या मोटारी, सोलर इन्व्हर्टर यांच्या खरखरीत पुसट आवाज बुडून जातात. देवळीच्या कडेला, कपाशीच्या वावराला लागून तार बांधली की तो गोंगाट मागे पडतो. रात्री वीज गेली आणि सेट बॅटरीवर चालू असला की काय ऐकू येतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे.

ताकदीचं गणितही असंच गरिबाच्या बाजूचं. मोठा सेट शंभर वॅट फेकतो, छोटा पाच. वीसपट फरक. पण कान आणि तो मीटर दोघेही पटींनी मोजतात. चौपट ताकद वाढवली तेव्हा कुठे काटा एका खुणेनं सरकतो. म्हणजे शंभर आणि पाच वॅट यांत फरक जेमतेम दोन खुणांचा. शंभर वॅटच्या सेटला वीस अँपिअर देणारी जड पॉवर सप्लाय लागते. पाच वॅटचा सेट मोटारसायकलच्या बॅटरीवर संध्याकाळ काढतो.

आता पेटीकडे. पण पेटीच्याही आधी परवाना, हे मला ठासून सांगावंसं वाटतं. बोलणारा सेट परवान्याशिवाय घरात ठेवायलाच १९३३ च्या वायरलेस कायद्यानं बंदी घातली होती. परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते. वय बारा पूर्ण असलं की परीक्षेला बसता येतं. थोडं रेडिओशास्त्र, थोडे नियम. वरच्या ‘जनरल’ श्रेणीला मॉर्सही लागतो, मिनिटाला आठ शब्द. मग स्वतःचं सांकेतिक नाव मिळतं, ‘व्हीयू-टू’ किंवा ‘व्हीयू-थ्री’ आणि पुढे तीन अक्षरं. हे अख्खं नाव साऱ्या जगात फक्त तुमचं.

परवाना येईपर्यंत ऐकायला मात्र काही अडचण नाही, आणि त्यासाठी भंगारातला शॉर्टवेव्ह ट्रान्झिस्टर पुरतो. एकानं काम होत नाही, दोन लागतात. आणि ही युक्ती ज्यानं पहिल्यांदा काढली त्याला मी मनातून नमस्कार करतो. हॅम लोक ज्या पद्धतीनं बोलतात तिच्यात जागा आणि ताकद वाचवण्यासाठी लहरीचा मधला कणा काढूनच टाकलेला असतो. साध्या ट्रान्झिस्टरला त्या कण्याशिवाय अर्थ लागत नाही, म्हणून बदकाचा आवाज येतो. पण प्रत्येक ट्रान्झिस्टर आपल्या पोटात स्वतःची एक बारीक लहर तयार करत असतो, काटा जिथे असेल त्याच्या ४५५ किलोहर्ट्झ वर. पहिला ट्रान्झिस्टर ७.१ मेगाहर्ट्झवर लावा. दुसरा त्याला चिकटून ठेवा, आवाज बंद करा आणि त्याचा काटा ६.६ च्या थोडा पुढे हळूहळू सरकवा. एका जागी दुसऱ्याच्या पोटातली लहर बरोबर ७.१ वर येते, पहिल्याला हरवलेला कणा मिळतो आणि बदक माणसासारखं बोलू लागतं. दोन टाकाऊ ट्रान्झिस्टर मिळून एक काम करतात जे एकट्याला जमत नाही. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा रात्रभर झोपलो नाही.

सेकंडहँड सेट आपल्याकडे मिळतो तो मुख्यत्वे माणसांकडून. ऐंशीच्या दशकात हॅमच्या सामानावरचं आयात शुल्क माफ झालं, तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी स्वतः हॅम होते. त्या काळात आलेले जपानी सेट, येसू, केनवूड, आयकॉम, आज हातबदल करत फिरताहेत. त्याच्याही आधीचे येसू एफटी-१०१ किंवा केनवूड टीएस-५२० असे अर्धे ट्रान्झिस्टर, अर्धे व्हॉल्व्हचे सेट अजून कुणाच्या कपाटात धूळ खात असतात. कुणी वयानं थकलेलं असतं, कुणाच्या मुलांना रस नसतो. ही मंडळी सेट विकतात तेव्हा स्थळ बघितल्यासारखं गिऱ्हाईक बघतात.

माझा आत्ताचा सेट असाच नागपूरच्या एका काकांकडून आला. गेल्या गेल्या त्यांनी पैशाचं बोलूच दिलं नाही. “परवाना दाखव,” म्हणाले. मग, “आता तू बोल, मी बाजूला बसतो.” मी म्हटलं, “काका, नंतर घरी जाऊन बघतो की.” त्यावर ते म्हणाले, “घरी जाऊन काय बघशील? बिघडला असेल तर इथेच कळू दे, माझ्यासमोर.” ते बरोबर होते, आणि मला ते पटायचं एक कारण होतं. त्याआधी दुसरीकडून घेतलेला पहिला सेट मी नुसता ऐकून घेतला होता. आवाज स्वच्छ, दिवे लागलेले, बाहेरून चकचकीत. देवळीला आणून बोललो तर कुणाला काही ऐकूच जाईना. शेवटच्या टप्प्याचे ट्रान्झिस्टर, ज्यांना सगळे ‘फायनल’ म्हणतात, ते जळालेले होते. ते पार्ट आता मिळायला कठीण, मिळाले तर नकली निघायची भीती. आठ महिन्यांची बचत त्यात गेली.

तेव्हापासून मी सोबत एक डबा नेतो. एक हजार ओहमचे वीस कार्बन रेझिस्टर एकमेकांना समांतर जोडले की पन्नास ओहम होतात, आणि सेटला अँटेनाच्या जागी हेच हवं असतं. याला डमी लोड म्हणतात. सेटची सगळी ताकद त्या रेझिस्टरांमध्ये उष्णता होऊन जिरते, हवेत काही जात नाही, मधे वॅटमीटर लावला की खरी ताकद दिसते. अंगठ्याएवढ्या रेझिस्टरांची ती जुडी हाताला गरम लागली की समजायचं, फायनल जिवंत आहेत.

काकांनी सेटचं झाकण काढलं तेव्हा आतून जुन्या बेकेलाइटचा आणि धुळीचा वास आला, जळकट मात्र नाही. ही परीक्षा नाकानंच घ्यायची. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहिलेलं होतं: कोणत्या साली कोणता कंडेन्सर बदलला, फ्यूज किती अँपिअरचा. तीन वेगवेगळी अक्षरं, तीन मालकांची. एक अक्षर इतकं सुबक की मला वाटलं हा माणूस शिक्षक असावा. चौथ्या ओळीची जागा रिकामी होती.

कंडेन्सर, म्हणजे जुन्या सेटचं खरं दुखणं. मोठे निळे-काळे डबे असतात त्यांच्या आतला ओलावा वीस-तीस वर्षांत सुकतो. फुगलेले किंवा बुडाशी पांढरी बुरशी धरलेले दिसले तर किंमत पाडून मागावी. बदलायला महाग नसतात, पण हात बसलेला लागतो. वर्षानुवर्षं बंद पडलेला सेट एकदम लाइनला जोडू नये. आपला वायरमन वापरतो तो सिरीज बल्ब इथे जीव वाचवतो. शंभर वॅटचा बल्ब मालिकेत लावून सेट चालू करायचा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लखलखतच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये सहाशे-आठशे व्होल्ट फिरत असतात आणि प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतात. एकट्यानं, घाईत, ओल्या हातानं ते झाकण कधीही उघडू नका. ज्याला येतं त्याच्यासोबत बसा.

बाकी परीक्षा सोप्या आहेत. नॉब फिरवताना आकडे उड्या मारतात का? माइकचं बटण दाबल्यावर आतला रिले टिकदिशी वाजतो का? अर्धा तास चालू ठेवल्यावर ऐकत असलेला आवाज आपोआप सरकत जातो का? जुना सेट तापेपर्यंत थोडा सरकतोच, त्याला नाक मुरडू नये.

हे सगळं महागच वाटत असेल तर एक वाट हैदराबादहून येते, आणि तिच्यावर माझं मनापासून प्रेम आहे. अश्हर फरहान या हॅमनं २००३ मध्ये ‘बिटएक्स’ नावाचा सेट आखून सगळ्या जगाला फुकट दिला. त्याची अट एकच होती: भारतातल्या साध्या बाजारात मिळतील तेच पार्ट. आता सेटमध्ये कॉइल लागतात, आणि त्या गुंडाळायला परदेशी बनावटीच्या खास कड्या लागतात, त्या इथे मिळत नसत. फरहाननं त्याऐवजी नळाचे वायसर घेतले. प्लंबर नळ गळायला लागला की बसवतो तेच. त्यावर तार गुंडाळली आणि समुद्रापलीकडे बोलणारा सेट तयार झाला. पुढे २०१६ मध्ये त्याची तयार पाटी मिळू लागली, आणि तिच्या कॉइल हैदराबादच्या बायका एकत्र बसून हातानं गुंडाळत. हे जुने बिटएक्सही आता सेकंडहँड मिळतात. घ्यावेत, उघडून बघता येणारा सेट शिकणाऱ्याच्या हाती असावा.

हाती असलेल्या तुकड्यांतून सेट उभा करायची ही वृत्ती आपल्याकडे नवी नाही, आणि तिचा एक धागा वर्ध्याशी येऊन जुळतो. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि इंग्रज सरकारनं हॅम लोकांना आपले ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करायला लावलं. १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीनं ‘चले जाव’चा ठराव केला तो वर्ध्यात, देवळीपासून वीस किलोमीटरच्या आत. महिन्याभरात नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची तोंडं बांधली गेली. तेव्हा बावीस वर्षांची उषा मेहता आणि तिचे सोबती मुंबईत ‘काँग्रेस रेडिओ’ हे केंद्र गुपचूप चालवू लागले. यंत्र उभं करायला नरिमन प्रिंटर हा हॅम मदतीला होता. पोलीस माग काढत आणि केंद्र घर बदलत राही. १२ नोव्हेंबर १९४२ ला ते पकडलं गेलं. काँग्रेस रेडिओ आपला पत्ता सांगत नसे, सांगे ती फक्त लहरीची लांबी: ४२.३४ मीटर. एके दिवशी मी सहज भागाकार केला. ४२.३४ मीटर म्हणजे ७.०८ मेगाहर्ट्झ. आजचा आपला चाळीस मीटरचा पट्टा ७.० ते ७.२. वर्ध्यात सुरू झालेली हाक ज्या जागेवरून देशभर गेली, ती जागा माझ्या जुन्या सेटच्या डायलवर आहे, पहिल्या अर्ध्या फेरीत. तिथे काटा नेला की आता कुठल्या तरी गावचे दोन हॅम एकमेकांच्या अँटेनाची चौकशी करत असतात.

सगळ्यात स्वस्त वाट अजून राहिली. परवाना हातात आला की दोन-चार हजारांत हातात धरायचा छोटा वॉकीटॉकीसारखा सेट मिळतो, वापरलेला त्याहून कमी. त्याच्या लहरी आयनोस्फिअर मानत नाहीत, सरळ रेषेत जातात. देवळीतून तो गावाच्या वेशीपलीकडे चार-पाच किलोमीटर पोचला तरी खूप. म्हणून लोक त्याला खेळणं म्हणतात. पण सरळ वर बघा. चारशे किलोमीटरवर आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक फिरतंय आणि त्यावर हॅमचा सेट आहे. ते डोक्यावर आलं की मुंबईपेक्षा जवळ असतं, आणि मधे ना डोंगर ना इमारत. १४५.८ मेगाहर्ट्झवर अंतराळवीर शाळेतल्या मुलांशी बोलतात तेव्हा ते या सेटवर ऐकू येतं. सगळा खेळ आठ-दहा मिनिटांचा. स्थानक इतक्या वेगानं जातं की येताना आवाजाची जागा तीन-साडेतीन किलोहर्ट्झ वर असते आणि जाताना तेवढीच खाली घसरते, रेल्वेच्या भोंग्यासारखी.

पण हा नुसता खेळ नाही. १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला तेव्हा हॅम मंडळी सेट घेऊन तिकडे निघाली आणि निरोप पोचवले. आमच्या घरातली दहा वर्षांची भाची हे ऐकल्यापासून बारा वर्षांची होण्याची वाट बघतेय. तोवर ती दोन ट्रान्झिस्टर घेऊन बदकांची माणसं करत बसते. झाकणाच्या आत चौथ्या ओळीत मी काही लिहिलं आहे, पाचवी ओळ तिनं आत्ताच मागून ठेवलीय.

आज दुपारपासून उकडतंय. बाहेर आभाळ अजून निळंच आहे, पण सेटमध्ये मघापासून कडकड वाजतेय, थांबून थांबून, दर वेळी थोडी जवळ. वळवाचा पाऊस यवतमाळच्या बाजूनं निघालेला दिसतो. भाचीनं उठून केबल सेटमधून काढली आणि तिचं टोक खिडकीबाहेर सोडलं.